देवीच्या अलीकडचं वळण

"ती खोटं बोलायची नाही," अप्पा आत आईला सांगत होते. "खोटं बोलायला आधी बोलावं लागतं."

मी मागच्या ओसरीवर सायकलच्या चेनला एरंडेल लावत होते. लढाईमुळे मशीनचं तेल मिळत नव्हतं. हात काळे झाले होते, दार उघडं होतं, आणि मला तिथून उठताही येईना. उठले असते तर मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं.

"अहो, पण मुलगी आहे ती," आई म्हणाली. "भोरपासून वेल्ह्यापर्यंत सायकलवर? लोक काय म्हणतील?"

"लोक आधी बघत राहतील. म्हणायची शुद्ध येईपर्यंत ती पुढच्या गावाला पोचलेली असेल."

आई हसली नाही. अप्पांच्या विनोदांना हसायची आमच्या घरात पद्धत नव्हती. ते स्वतःही हसत नसत.

गोष्ट दादाची होती. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. अप्पा संस्थानच्या कचेरीत होते आणि दादाही वर्षभर त्याच कचेरीत, त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसून कागदांच्या नकला करत होता. घरी अप्पा, कचेरीत अप्पा, वाटेतही अप्पाच, कारण दोघं बरोबरच जात. दादा दोन पावलं मागून चाले. आता त्याला वेल्ह्याकडच्या डोंगरात, जंगलखात्यात, फिरतीची जागा मिळण्यासारखी होती. खात्याचे साहेब अप्पांच्या ओळखीचे होते. त्यांना सायकल येणारा, चढउताराला न कंटाळणारा माणूस हवा होता.

पण दोन वर्षांपूर्वी दादाच्या फुप्फुसाला पाणी झालं होतं. कॉलेजच्या परीक्षेच्या दिवसांत त्याला रोज ताप येत होता आणि त्याने तो कुणालाच सांगितला नाही. विचारलं की "ठीक आहे" म्हणायचा. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी पाठीत सुई घालून पाणी काढलं, परीक्षा राहिली आणि कॉलेजही राहिलं. तेव्हापासून त्याच्या "ठीक आहे"वर अप्पांचा विश्वास उरला नव्हता.

म्हणून अप्पांनी अट घातली. भोरहून वेल्ह्याला सायकलवर यायचं. विंझरच्या पुढे जी खिंड लागते ती न उतरता चढायची. खिंडीच्या माथ्याजवळ रस्त्यालगत देवी आहे. तिथे गाडीवान असो की मोटारवाला, सगळे उतरतात, एक डहाळी वाहतात आणि मग पुढे जातात. "देवीला उतरायचंच," अप्पा म्हणाले, "ते मी धरणार नाही. पण देवीच्या अलीकडे पाय टेकलास तर ही जागा विसर. पुन्हा विषय निघणार नाही." आणि पाय टेकला की नाही हे बघायला त्यांनी मला नेमलं.

मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी काय म्हणाले असते, सांगता येत नाही. मॅट्रिक होईपर्यंत मी मामांकडे पुण्याला राहून इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मी स्टेजवर उभी राहून कविता म्हणत असे आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाई. भोरला परत आल्यावर मात्र माझं बोलणं आटलं. पाठ केलेलं बोलणं वेगळं. घरातल्या बोलण्यात कुणाचं काय दुखेल याचा आधी हिशेब करावा लागे, आणि तो होईपर्यंत विषय बदललेला असे. दादा त्याला हसायचा. मला तो "मडमे" म्हणायचा. घरात मी बोलत असे ती फक्त त्याच्याशीच.

सायकल मामांनी दिली होती. बायकांची सायकल, मागच्या चाकावर साडी अडकू नये म्हणून जाळी विणलेली. भोरला आल्यापासून मी ती फक्त पहाटे, नदीच्या पुलापर्यंत आणि परत, एवढीच चालवत होते.

अप्पा फिरतीच्या कामासाठी बैलांच्या दमणीतून आदल्या दिवशीच वेल्ह्याला गेले. आम्ही उजाडता निघालो. मार्गशीर्षातली थंडी होती. आईने आमच्या दोघांच्या तळहातांवर दही घातलं, दादाला स्वेटर घालायला लावला आणि पिशवीत धपाटे बांधून दिले. दादा हवा भरत होता तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"त्याच्याकडे लक्ष ठेव," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "बघ, पण फार बघू नकोस."

तिला काय हवं होतं ते तिलाही माहीत नसावं.

कापूरहोळपर्यंत रस्ता चांगला होता. दादा पुढे, मी मागे. तो सीटवर जरा तिरका बसायचा, डाव्या बाजूला कमी भार देऊन. हे मला आधी कधी दिसलं नव्हतं, कारण मी त्याला इतका वेळ मागून कधी पाहिलं नव्हतं. थंड हवेत त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. मी तीच बघत होते, आणि मग आईचं बोलणं आठवून रस्त्याकडे बघायला लागले.

कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार मागून धुराचा लोट सोडत आली आणि आमच्या बाजूने पुढे जाता जाता दमल्यासारखी जवळजवळ थांबलीच. क्लीनर मागच्या शिडीला लटकला होता.

"ओ भाऊसाहेब, दोरी टाकू का? ओढत न्हेतो."

"तुमच्या मोटारीलाच आम्ही ओढू," दादा म्हणाला. "टाक दोरी."

मोटारीतली माणसं हसली. त्यातली अर्धी मान वळवून माझ्याकडे बघत होती. मी पदर खांद्यावरून ओढून कमरेला आणखी घट्ट खोचला आणि समोरच्या चाकावर नजर ठेवली.

नसरापूर सोडलं आणि रस्ता मुरमाचा झाला. डोंगर जवळ आले. दादा आता माझ्या बरोबरीने चालवत होता आणि बोलत होता. वेल्ह्याला खात्याची एक खोली आहे, तिची खिडकी तोरण्याकडे उघडते. सकाळी उठायचं, डबा बांधायचा, आणि एकेक नाका बघत डोंगरभर फिरायचं. दिवसभर अक्षराला कुणी नावं ठेवणार नाही.

"कचेरीत काय होतं माहीत आहे का?" तो म्हणाला. "मी लिहायला लागलो की अप्पा मान वर करतात. बोलत काहीच नाहीत. नुसती मान वर करतात. त्याने माझा 'क्ष' बिघडतो."

मी हसले.

"खरं सांगतो. वर्षभरात एक 'क्ष' धड आला नाही."

त्याचा आवाज मोकळा होता. तो गेला तर घरात माझ्याशी असं कोण बोलेल, हे माझ्या मनात आलं आणि मला माझाच राग आला.

मार्गासनीला आम्ही पाणी प्यायला थांबलो. रस्त्याच्या कडेच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. बायकांनी हातातल्या पेंढ्या तशाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"अगं बया, बाई हाय ती!"

"म्या म्हनलं न्हवं? टोपी न्हाई, आंबाडा हाय."

त्यांतली एक म्हातारी, तोंडाला फडकं बांधलेली, कळशी घेऊन पुढे आली. तिने मला ओंजळीत पाणी घातलं आणि माझ्या ओंजळीवरूनच दादाकडे बघत विचारलं, "ह्यो दादला का तुजा?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"भाऊ आहे," दादा म्हणाला.

"तरीच. दादला बाईला अशी बरुबरीनं जाऊ दील व्हय?" मागच्या सगळ्या हसल्या. म्हातारी हसली नाही. ती दादाला पाणी घालत होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. "पोरा, लई पिवळा दिसतूस रं. बरं न्हाई का?"

"उन्हाने."

"ह्या दिसांत कुठलं आलंय ऊन?" तिने कळशी खाली ठेवली. "कुठवर जायाचं?"

"वेल्ह्याला."

"मंग देवीला डहाळी न्ह्या. वरची तोडू नका, ती चालत न्हाई. खालनं न्ह्यावी लागती. चढाचं वझं आपुन वाह्यलं म्हंजी ती आपलं वझं वाहती."

मी तिथल्याच करंजाची एक डहाळी तोडून हँडलच्या घंटीत खोचली. दादाने तोडली नाही. "नंतर बघू," म्हणाला.

विंझरला दुकानापुढे चहा घेतला. दादाने कप सायकलला टेकूनच संपवला, बसला नाही. मी धपाटा पुढे केला तर नको म्हणाला. नंतर त्याने स्वेटर काढून कॅरिअरला बांधला आणि खिंडीकडे बघत राहिला. रस्ता तिथून दिसत होता. डोंगराच्या अंगावरून एक तांबडी रेघ दोनदा वळत वर गेली होती आणि माथ्याशी झाडांचा एक काळा पुंजका होता. ती देवी.

"तू पुढे हो, मडमे," तो म्हणाला.

मी थांबले. मला मागे राहायला पाठवलं होतं.

"मागून कुणी बघत असलं की मला नीट चालवता येत नाही. अप्पांनी तुला माझ्या पाठीवर बसायला सांगितलंय का? वर जाऊन उभी राहा. येतोच मी."

मी पुढे झाले.

त्या दिवशी मी खिंड न उतरता चढले, हे नंतर घरात कौतुकाने सांगितलं गेलं. त्यात कौतुकासारखं काही नव्हतं. सपाटीवर मी सायकलवरून उतरू शकत होते आणि पुन्हा चढूही शकत होते. चढावर साडी नेसून एकदा खाली पाय टेकला की पुन्हा बसणं मला जमलं नसतं. सायकल मागे सरकते, एक पाय पॅडलवर, एका हातात निऱ्या, आणि हँडल धरायला हात उरत नाही. म्हणून मी उतरले नाही. भीतीने चढत राहिले. पहिल्या वळणाला वाटलं की छाती फुटेल. समोरून लाकडांची बैलगाडी उतरत होती. गाडीवानाने मागच्या चाकाला ओंडका लावला होता आणि तो रस्त्यावर घासत करकरत येत होता.

"पोरी, उतर की," तो ओरडला. "ढकलत न्हे. कुनी बघत न्हाई हितं."

मला श्वास नव्हता, नाहीतर त्याला सांगितलं असतं की उतरता येत नाही. बैलांच्या शिंगांना चुकवून मी कडेच्या खडीवरून गेले. चाक घसरलं, सावरलं. पुढे काय झालं ते नीट आठवत नाही. माझे गुडघे दिसत होते, साडीच्या काठावर बसलेली तांबडी धूळ दिसत होती, आणि घंटीतली डहाळी दर पॅडलला हलत होती. मग सावली आली. देवीच्या पारावर मी उतरले असं म्हणण्यापेक्षा कलंडले म्हणणं खरं होईल.

देवी म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड आणि त्याच्यापुढे वाळलेल्या डहाळ्यांचा माझ्या कमरेएवढा ढीग. मी माझी डहाळी वाहिली, हात जोडले, आणि काही मागायचं सुचलं नाही. मग पाराच्या कडेला येऊन खाली पाहिलं.

दुसरं वळण तिथून अगदी पायाखाली दिसत होतं. गाडीवान त्याच्याही खाली गेला होता. दादा येताना दिसला. तो सीटवरून उठून, उभ्याने पॅडल मारत होता. त्याचं सगळं अंग डावीकडून उजवीकडे जात होतं आणि सायकल मात्र जवळजवळ जागेवरच होती. मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर पॅडल मारत होते. वळणाच्या आतल्या बाजूला आल्यावर त्याने पुन्हा सीटवर बसायचा प्रयत्न केला, आणि सायकल थांबली. त्याने पाय टेकला.

मला वाटलं, लगेच चढेल. त्याने सायकल कडेच्या दगडाला टेकवली आणि स्वतः त्या दगडावर बसला. डावा हात काखेखाली, बरगड्यांवर. पुढे वाकून त्याने डोकं जवळजवळ गुडघ्यांना टेकवलं. इतक्या उंचावरून मला त्याचा श्वास ऐकू येणं शक्य नव्हतं. पण पाठ दिसत होती, आणि पाठ कशी वरखाली होत होती तेही दिसत होतं.

हाक मारावी असं वाटलं. हाक मारली तर मी पाहिलं हे त्याला कळणार. खाली धावत जावं तरी तेच. पाणी माझ्या पिशवीत होतं. मी पिशवीचा बंद धरून उभी राहिले. काही वेळाने माझ्या लक्षात आलं की तो वर पाहील तर मी त्याला दिसेन, म्हणून मी पाराच्या मागे सरकले. तरी झाडाच्या बुंध्याआडून बघत होतेच. असं उभं राहण्यासाठीच मला पाठवलं होतं, आणि त्यात मला काहीही करता येण्यासारखं नव्हतं.

बराच वेळ गेला. मग तो उठला. शेजारच्या करवंदीची एक डहाळी मोडली, दातांत धरली, आणि सायकल ढकलत वर निघाला. शेवटचं वळण संपून रस्ता जरा सपाट होतो तिथे तो सायकलवर बसला. माझ्यासमोर आला तो पॅडल मारतच आला, तोंडात डहाळी, चेहऱ्यावर हसू. ओठांना शाईचा हात लागल्यासारखा रंग होता.

"काय मडमे," तो म्हणाला. "पोचलो की नाही?"

मी त्याला पाणी दिलं. तो प्यायला. मी त्याच्याकडे बघत नव्हते, आणि मी बघत नाही हेच त्याला सगळं सांगून गेलं असावं. माझं न बोलणं वाचायला तो लहानपणापासून शिकला होता.

"दिसतं का इथून?" त्याने विचारलं.

मी पाराच्या कडेकडे मान केली. तो तिथे गेला, खाली पाहिलं, आणि परत आला.

"हं," म्हणाला. "छान दिसतं."

त्याने डहाळी देवीपुढे ठेवली. करवंदीची पानं ताजी, चकचकीत, बाकीच्या वाळक्या ढिगावर लगेच उठून दिसत होती. म्हातारीने सांगितलेलं मला आठवलं. वरची चालत नाही. मी ते बोलून दाखवलं नाही.

"शेवटी देवीलाच उतरलो ना?" तो म्हणाला. "एका वळणाचा फरक. देवीची हद्द कुठे संपते, ती काही कचेरीत नोंदलेली नाही." मी हसेन म्हणून तो थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, तुला खोटं बोलायला मी सांगत नाही. अप्पा मला विचारतील. मी सांगेन, देवीला उतरलो. मग ते तुझ्याकडे बघतील. तू काही करू नकोस. नेहमी करतेस तेच कर. गप्प राहा. ते गप्प राहणं म्हणजे हो समजतील."

"दादा," मी म्हणाले.

"मला परत त्या टेबलाशी बसवू नकोस."

एवढं म्हणून तो उठला. अटीतला चढ संपला होता. वेल्ह्याकडचा उतार तीव्र होता आणि दादाच्या सायकलच्या ब्रेकचं रबर झिजलेलं होतं. लढाईमुळे नवं मिळत नव्हतं. त्याने गाडीवानाची युक्ती केली. करवंदीची एक अख्खी जाळी सोबत आणलेल्या कोयत्याने तोडून सुतळीने कॅरिअरला बांधली आणि ती ओढत खाली निघाला. जाळी रस्त्यावर घासत होती, वेग आवरला जात होता, आणि धुळीचा एक मोठा पट्टा त्याच्यामागून येत होता. त्या पट्ट्यात मी होते. तो पुढे स्वच्छ हवेत होता. खोकत मी होते.

त्या धुळीतून उतरताना मी वाक्यं जुळवत होते. इंग्रजीत. इंग्रजीत ती सहज जुळत होती, शाळेतल्यासारखी, सुरुवात, मध्य, शेवट. एका वाक्यात दादा देवीजवळ उतरला. दुसऱ्यात देवीच्या खाली उतरला. दोन्ही मला तितक्याच सफाईने म्हणता येत होती. पण अप्पांसमोर ती इंग्रजीत म्हणायची नव्हती, आणि मराठीत आणली की दोन्ही जड व्हायची.

खरं सांगितलं तर तो घरी राहणार. संध्याकाळी ओसरीवर बसून मला मडमे म्हणणार. मला तेच हवं होतं, आणि म्हणून मला माझ्या खरेपणाची खात्री वाटेना. ते त्याच्या बरगड्यांसाठी होतं की माझ्यासाठी? आणि गप्प राहिले तर तो जाणार. त्या खोलीत एकटा, तोरण्याकडे उघडणारी खिडकी, आणि ताप आला तर तो सांगणार नाही. कुणाला सांगणार? तोरण्याला? मधलं काही मला सापडेना. उतार संपेपर्यंत सापडलं नाही.

वेल्ह्याच्या सरकारी बंगल्याच्या पडवीत अप्पा आणि जंगलखात्याचे साहेब खुर्च्या टाकून बसले होते. साहेब गुबगुबीत, खाकी चड्डीतले, हसरे. आम्हाला पाहून त्यांनी कप खाली ठेवला.

"अरे वा, आले आमचे शिलेदार. आणि हे मागे काय बांधलंय?"

"ब्रेक," दादा म्हणाला.

साहेब पोट धरून हसले. "बघा, असा माणूस हवा आम्हाला. खात्याला ब्रेकचा खर्च नाही."

अप्पांनी आधी सायकलींकडे पाहिलं, मग दादाच्या तोंडाकडे. दादाने तेवढ्यात रुमालाने ते पुसून घेतलं होतं. शिपायाने पाणी आणलं. दादाने तांब्या उभ्यानेच तोंडाला लावला आणि दोन घोटांतच खाली ठेवला. एका दमात पिणारा माणूस तो.

"कसा झाला प्रवास?" अप्पांनी विचारलं.

"ठीक आहे."

"खिंडीत उतरलास?"

"देवीला उतरलो."

"हं," अप्पा म्हणाले. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. फक्त मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

दादाच्या 'क्ष'चं काय होत असेल ते मला तेव्हा कळलं. दादा खाली वाकून सुतळीची गाठ सोडत होता. ती त्याने स्वतःच घट्ट मारली होती आणि आता सुटत नव्हती. त्याच्या मानेची शीर दिसत होती. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी गप्प राहणार याची त्याला खात्री होती.

"या बोलतात का?" साहेबांनी हसत अप्पांना विचारलं.

"बोलते," अप्पा म्हणाले. "थोडा वेळ लागतो."

ते थांबले. त्यांना थांबता येत असे. साहेबांनी कप उचलला आणि पुन्हा ठेवला. आवारात कोंबड्या फिरत होत्या. करवंदीच्या जाळीत अडकलेली धूळ दादाच्या हातांवर पडत होती. मी उतरताना जुळवलेली दोन्ही वाक्यं शोधली. देवीच्या जवळ, देवीच्या खाली. त्यांतलं एकही तोंडाशी आलं नाही. मला दगडावर वाकलेली ती पाठ दिसत होती. माझं गप्प राहणं अप्पा हो समजणार, त्याला आता एवढासाच वेळ उरला होता. अप्पांची मान साहेबांकडे वळायला लागली.

सुतळी सुटली. दादा सरळ व्हायला गेला आणि अर्ध्यातच थांबला, हात काखेखाली, अगदी क्षणभर.

"त्याला अजून दुखतं, अप्पा," मी म्हणाले.